बाळाच्या लंगोटाखालची लाली



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर लंगोटाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण इथल्या कितीतरी मुलींच्या कडेवर घरी धाकटे भावंड नाहीतर भाचरू असते, आणि औषधाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचू शकणारी घरात बहुधा तीच असते. म्हणून हा विषय.

लंगोट किंवा डायपर ओला राहिला की कातडी लाल होते. ही साधी लाली कापड घासते तेथे, म्हणजे ढुंगणावर व मांड्यांवर येते. जांघेच्या घड्या बहुधा सुटतात. अंग कोरडे व मोकळे ठेवून झिंक ऑक्साइडचे मलम लावले की ती दोन-तीन दिवसांत उतरू लागते. जी उतरत नाही, घडीत शिरते, गडद लाल दिसते आणि जिच्या कडेबाहेर सुटे लाल ठिपके उठतात, ती बहुधा बुरशीची समजावी. कँडिडा नावाची ही बुरशी आतड्यांत एरवीही असते. बाळाला अँटिबायोटिक दिले की तिला आवरणारे जंतू मरतात आणि तिला रान मोकळे मिळते. तेव्हा सुनेला स्वच्छता जमत नाही, हा ठपका वडीलधाऱ्यांनी लगेच ठेवू नये.

हिच्यावर बुरशीनाशक मलमच हवे: क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा निस्टॅटिन. (हे निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ महिलांनी जगापुढे आणले. एकजण न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. मातीचे नमुने टपालाने ये-जा करीत. विद्यार्थिनींनी ही नावे लक्षात ठेवावीत.) जागा कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून, पूर्ण कोरडी झाल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोन-तीनदा पातळ थर द्यावा. लाली दिसेनाशी झाली म्हणून त्याच दिवशी ट्यूब फेकू नये. सांगितलेले दिवस पुरे करावेत. पावडर मात्र नकोच. ती बाळाच्या श्वासात जाते.

आता खरी तक्रार. एक तरुण आई दुकानदाराने दिलेले "लगेच गुण येणारे" मलम घेऊन आली होती. लावले की दोन दिवसांत लाली जाई, थांबवले की दुप्पट येई. असा दीड महिना गेला. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. ट्यूब वाचली, तर बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोल, म्हणजे जहाल स्टेरॉइड! स्टेरॉइड लाली दाबते, बुरशीला मारीत नाही. डायपरच्या झाकणाखाली ते अधिक मुरते आणि इवल्या अंगात रक्तापर्यंत पोचू शकते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरी मागितले की ती हातात पडतात, हे आपण सारेच जाणतो.

म्हणून मुलींनो, ट्यूब हाती घ्या आणि वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती बाळाला लावू देऊ नका. अम्मी रागावली तरी चालेल.

बाळ महिन्याच्या आतले असेल, ताप असेल, पू किंवा फोड दिसत असतील, अथवा तीन दिवसांत फरक नसेल, तर घरी मलमे बदलत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि जाताना आधी लावलेली ट्यूब सोबत न्यावी.