मूळ चित्र एकच असतं



1916 साल.
पहिलं महायुद्ध पेटलेलं.
त्याच वर्षी मुंबईत ‘वीसमी सदी’ हे गुजराती सचित्र मासिक निघालं.
त्यात चित्रं काढली, आपल्या कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी.

तेव्हा चित्राचा फोटो घ्यायचे.
त्यावरून धातूचा ब्लॉक करायचे.
मग छपाई.
आणि मूळ चित्र? पुष्कळदा अडगळीत!

अंकाच्या प्रती अनेक.
मूळ चित्र मात्र एकच.

अंधेरीकर, बोरिवलीकर, मुलुंडकर, घाटकोपरकर मंडळी,
घरात असं जुनं चित्र आहे?
भिंगातून पाहा.
बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छपाई.
रंगाचे उंचवटे दिसले, तर कदाचित तैलरंगातलं मूळ चित्र.

मूळ चित्र एकच असतं.
ओल्या फडक्यानं पुसू नका.
आधी जाणकाराला दाखवा.