संरक्षण कोणाचे, कशासाठी? पिंपरी ते काकीनाडा : पेनिसिलिनचा धडा
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



९ जानेवारी १८४८ रोजी ब्रुसेल्स येथे कार्ल मार्क्स यांनी मुक्त व्यापारावर भाषण केले. इंग्लंडमधील धान्यविषयक कायदे त्यापूर्वी दोनच वर्षे आधी रद्द झाले होते आणि आता भाकरी स्वस्त होईल, असे गिरणीमालक कामगारांना सांगत होते. हे स्वातंत्र्य कोणाचे, असा मार्क्स यांचा प्रश्न होता, आणि ते भांडवलाचे आहे, असे त्याचे उत्तर होते. एवढा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मात्र त्याच भाषणात त्यांनी संरक्षक जकातीची बाजूही घेतली नाही, हा भाग सोयिस्करपणे विसरला जातो. जकातीची भिंत उभारून एखाद्या देशात मोठे उद्योग उभे करता येतात, परंतु त्या भिंतीआड वाढतो तो त्या देशाचा भांडवलदार, हे त्यांनी स्पष्ट केले होते.

मराठीत ‘मुक्त’ हा शब्द मोक्षाच्या घरचा आहे. त्यामुळे ‘मुक्त व्यापार’ म्हणताच काहीतरी पवित्र घडत असल्याचा भास होतो. वसाहतीच्या काळात या पावित्र्याचा अनुभव मुंबईच्या गिरण्यांनी घेतला होता. लँकेशायरच्या मालाशी स्पर्धा ‘समान’ व्हावी म्हणून १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला. त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले होते. रानडे काही समाजवादी नव्हते. तरीही परतंत्र देशात उद्योगांना संरक्षण मागणे ही पुरोगामी मागणी होती, यात शंका नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न कोणत्या रूपाने पुढे आला, हे समजून घेण्यासाठी पोलाद किंवा मोटारींपेक्षा औषधांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पोलादाचा भाव वाढला तर पूल उशिरा होतो. औषधाचा भाव वाढला तर माणूस मरतो.

स्वातंत्र्याच्या वेळी १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा जारी होता. त्यानुसार परदेशी कंपनीला सोळा वर्षांची मक्तेदारी मिळे आणि ती कंपनी येथे औषध बनविण्याऐवजी तयार माल आणून विकत असे. परिणाम असा की, जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक असलेल्या या देशात औषधांचे भाव जगातील सर्वांत चढ्या भावांत मोडत. हा काही केवळ कम्युनिस्टांचा आरोप नव्हता. अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने हीच गोष्ट नोंदविली होती.

या कोंडीतून मार्ग निघाला तो दोन दिशांनी. पहिली दिशा सार्वजनिक क्षेत्राची. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ‘सरकारी कारखान्यात संशोधन होत नाही’ असे ठासून सांगणाऱ्यांनी हे नाव एकदा वहीत लिहून ठेवावे. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाच्या साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, अर्थात आयडीपीएल, स्थापन झाली. ऋषिकेशला प्रतिजैविके, हैदराबादला संश्लेषित औषधे, मद्रासला शस्त्रक्रियेची उपकरणे अशी तिची विभागणी होती.

दुसरी दिशा कायद्याची. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषध या वस्तूवर पेटंट नाही, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे, हा त्याचा गाभा होता. १९७५ च्या हाथी समितीने बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणापर्यंत विचार नेला. सरकारने तो धीर दाखविला नाही. तरीही १९७८ च्या औषध धोरणाने, बाहेरून आणलेली भुकटी गोळ्यांत दाबून विकण्यावर समाधान न मानता मूळ द्रव्य येथेच बनवावे, असा दंडक घातला, आणि १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधे किंमत-नियंत्रणाखाली आणली.

येथे थोडे थांबले पाहिजे. हे संरक्षण आंधळे नव्हते. मोटारगाडी बनविणाऱ्याला जकातीची भिंत मिळाली आणि त्याने ग्राहकाला वर्षानुवर्षे तोच जुना सांगाडा विकला, ही गोष्टही याच देशात घडली, आणि तिचे समर्थन करण्याचे ओझे कामगार चळवळीने डोक्यावर घेण्याचे कारण नाही. औषधांच्या बाबतीत भिंतीबरोबर अटीही होत्या : मूळ द्रव्य येथे बनवा, भाव नियंत्रणात ठेवा, सार्वजनिक कारखान्याशी बरोबरी करा. म्हणूनच येथे भाव उतरले. २००१ मध्ये एका भारतीय कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलर्सना देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलर्सच्या वर होता. ही क्षमता १९७० च्या कायद्याच्या आणि सार्वजनिक कारखान्यांच्या मातीत रुजलेली होती. हैदराबादच्या औषध उद्योगातील एका मोठ्या कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी हे आयडीपीएलमध्येच काम करून बाहेर पडले होते. पहिली पिढी घडविली ती सार्वजनिक क्षेत्राने. तिच्या ज्ञानावर नफा मिळविला तो खासगी भांडवलाने.

आता पेनिसिलिनकडे परत येऊ. हे औषध रसायनांच्या भांड्यात नव्हे, तर प्रचंड टाक्यांत बुरशी वाढवून बनते. तिला साखर लागते, अखंड निर्जंतुक हवा लागते, आणि ती हवा दाबणाऱ्या यंत्रांसाठी दिवसरात्र वीज लागते. मध्येच वीज गेली किंवा परका जंतू शिरला की सगळी टाकी वाया. बुरशीचे वाण वर्षानुवर्षे निवडून अधिकाधिक उत्पादक करावे लागते. या पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए हे मध्यद्रव्य निघते आणि त्यापासून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन वगैरे. म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात लहान मुलाला मिळणाऱ्या औषधाचे मूळ त्या टाकीत आहे. असा कारखाना एकदा बंद पडला की केवळ यंत्रेच गंजत नाहीत. वाण जाते आणि टाकीच्या आवाजावरून तिची प्रकृती ओळखणारे कामगारही पांगतात.

१९९१ मध्ये जकातीची कमाल पातळी १५० टक्क्यांवर आणण्यात आली. २००७-०८ पर्यंत ती १० टक्क्यांवर आली. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधनेही गेली. किंमत-नियंत्रणाखालील ३४७ मूळ औषधांपैकी १९९५ च्या आदेशात ७४ उरली. चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि पिंपरी, ऋषिकेश यांच्याबरोबर खासगी मालकांच्या टाक्याही एकामागून एक थंडावल्या. आयडीपीएल १९९२ मध्येच आजारी उद्योगांच्या यादीत जाऊन बसली होती.

उदारीकरणाचे भाट म्हणतात की अकार्यक्षम होते ते मेले. या युक्तिवादाची परीक्षा चीनमध्येच करता येते. उत्तर चीनमधील शिच्याच्वांग येथील प्रचंड प्रतिजैविक कारखान्याची उभारणी १९५३ मध्ये सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली आणि १९५८ मध्ये तो चालू झाला. म्हणजे पिंपरीच्या पेनिसिलिनला तो तीन वर्षांनी धाकटा, आणि ऋषिकेशचा तर तो सख्खा भाऊच. एकाच गुरूचे शिष्य. फरक पडला तो पुढे. चीनच्या शासनाने जमीन, वीज, बँकांचे कर्ज यांचा आधार या उद्योगाला दिला, मक्याची साखर मुबलक होती, आणि टाक्या वाढत गेल्या. भारतात शासनाने आपल्याच कारखान्याला भांडवल नाकारले आणि मग तो तोट्यात आहे म्हणून बोट दाखविले. तेव्हा चीनच्या ‘आक्रमणा’विरुद्ध राष्ट्रवादी आरोळ्या ठोकण्याने काही साधत नाही. कुलूप ठोकण्याचा निर्णय दिल्लीत झाला.

यात येथील भांडवलदार वर्गाची भूमिका विशेष पाहण्यासारखी आहे. ज्या कंपन्या संरक्षणाच्या सावलीत वाढल्या, त्यांनाच पुढे मूळ द्रव्य बनविण्यापेक्षा चीनमधून स्वस्तात आणणे आणि गोळ्या अमेरिकेला विकणे अधिक फायद्याचे वाटले. १८४८ च्या भाषणातील इशारा येथे अगदी शब्दशः खरा ठरला : भांडवलाला संरक्षण हवे असते ते गरज असेपर्यंतच.

कायद्याच्या आघाडीवरची माघार मात्र पूर्ण झाली नाही, आणि ती लढ्यामुळे झाली नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ मध्ये औषधांवर वस्तु-पेटंट पुन्हा आले. त्या वेळी संसदेत डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते, म्हणून कलम ३(ड) सारख्या तरतुदी विधेयकात घालून घेता आल्या. किरकोळ फेरफार करून जुन्याच औषधावर नवे पेटंट घेण्यास त्या कलमाने आडकाठी केली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाचे पेटंट याच कलमाखाली नाकारले. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, दुसऱ्या एका कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. संरक्षण या शब्दाचा अर्थ रुग्णाच्या खिशाच्या भाषेत सांगायचा तर तो एवढा आहे.

२०२० च्या आरंभी चीनमध्ये महामारीने कारखाने बंद पडले, तेव्हा मूळ द्रव्यांच्या आयातीपैकी सुमारे दोन-तृतीयांश त्या एकाच देशातून येत होती. ३ मार्च २०२० रोजी पॅरासिटामॉलसह २६ औषधे व द्रव्ये यांच्या निर्यातीवर निर्बंध घालण्याची वेळ सरकारवर आली. जगाचा औषधालय म्हणविणाऱ्या देशाची ही स्थिती. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने मूळ द्रव्यांच्या उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. किण्वनाने बनणाऱ्या द्रव्यांना विक्रीच्या २० टक्क्यांपर्यंत अनुदान. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ एका खासगी कंपनीने वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलिन-जीचा कारखाना सुरू केला. लवकरच चीनमधील भाव उतरू लागले आणि आयातीला किमान किंमत ठरवून द्या, अशी मागणी पुढे आली.

टाक्या पुन्हा पेटल्या, हे स्वागतार्हच आहे, आणि काकीनाड्याच्या कामगाराच्या रोजगाराला संरक्षण मिळण्यास पक्षाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न अटींचा आहे. पैसा जनतेचा, मग अमॉक्सिसिलिनचा भाव कोण ठरविणार? कंत्राटी कामगार कायम होणार का? उद्या भाव पडले आणि मालकाला पुन्हा आयात परवडू लागली, तर टाक्या आणि बुरशीचे वाण कोणाच्या मालकीचे राहणार? १९७८ च्या धोरणात निदान अशा काही अटी कागदावर होत्या. आजच्या योजनेत अनुदान मिळते ते विक्रीच्या प्रमाणात.

आणि पिंपरी? २८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि हिंदुस्तान अँटिबायोटिक्स विकण्याचा निर्णय घेतला. देणी भागविण्यासाठी जादा जमिनी विकाव्यात, असेही ठरले. २०१९ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपन्यांच्या कामगारांचे थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्तीची रक्कम यांसाठी ३३०.३५ कोटी रुपये कर्जाऊ मंजूर झाले. खासगी कंपन्यांसाठीचे ६,९४० कोटी त्यानंतर आठ महिन्यांनी निघाले, आणि ते कर्ज नव्हते.