मोबाइलवरचा भूकंप



नोव्हेंबर २०१८ पासून शेजारच्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे छोटे धक्के सुरू झाले. असे झाले की ‘आज रात्री मोठा येणार’ हे निरोप मोबाइलवर फिरतातच. त्याच मोबाइलवर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची वेबसाइट उघडा. धक्क्याची वेळ, खोली, तीव्रता तिथे मिळते. उद्याचा भूकंप मात्र मिळत नाही. तो जगात कोणालाच आधी सांगता येत नाही.

मग मुलांना अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा जगाचा नकाशा दाखवा. जपान, अँडीज, हिमालय; भूकंपांचे ठिपके भूपट्टांच्या कडेने माळेसारखे लागलेले दिसतील. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. पण डहाणू कडेवर नाही, १९९३ चे किल्लारीही नव्हते! भूपट्टाच्या पोटातही ताण साठतो आणि जुन्या भेगा हलतात. माझ्या मते मुलांना हेच आधी सांगावे. तीव्रतेचा एक आकडा वाढला की ऊर्जा ३२ पट होते. म्हणजे किल्लारीचा ६.२ चा भूकंप ४ च्या धक्क्याच्या सुमारे दोन हजार पट!

आपल्या वासोण्याचा काळा खडक हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ‘भूकोश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नकाशा आहे. तो बघून मुलांना दमणगंगेकाठी न्या.