शेपटी कोणाची तुटते?


पाल शेपटी टाकून पळते, हे तुम्ही पाहिलं असेल.
पण तिच्या सगळ्याच भाऊबंदांना ते जमत नाही.

बहुतेक पालींना पापणी नसते.
त्या जिभेनंच डोळा पुसतात.

सापसुरळीचं कुळ वेगळं.
अंग गुळगुळीत, पाय आखूड.
तिचीही शेपटी तुटते,
आणि पुन्हा येते.
विषारी समजून लोक तिला मारतात.
पण
सापसुरळी विषारी नाही.

आता सरडे.
यांची शेपटी सहसा तुटत नाही.

उन्हाळ्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर जा.
पवनचक्क्यांच्या आसपास,
एखाद्या दगडावर चढून,
इथल्या एका खास जातीचा नर सरडा गळ्याचा पंखा उघडतो.
निळा, काळा, नारिंगी!
मादीला भुलवायला,
आणि दुसऱ्या नराला दटावायला.
स्वतंत्र प्रजाती म्हणून या जातीची नोंद झाली,
ती २०१६ साली.
मला विचाराल,
तर हा नर मोराइतकाच देखणा.

उरली घोरपड.
दुभंगलेली जीभ बाहेर काढून
ती वास घेते.
ती शेपटी टाकत नाही,
शेपटीचा फटका मारते!
तिची शिकार हा कायद्यानं गुन्हा आहे.
तरी सांधेदुखीवरच्या तेलापायी
लोक तिला अजून मारतात.