ढगात कोण नेणार?

कमर्शियल पायलटचा परवाना म्हणजे काय, हे बहुतेक पालकांना आता ठाऊक आहे. त्याचा खर्चही ठाऊक आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. ‘कोर्समध्ये ते येतंच’ असं माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि विषय तिथेच मिटतो. माझं म्हणणं असं, की उड्डाण शिकवणाऱ्या शाळेची पारख तिथूनच सुरू करा.

काचेबाहेर काहीच दिसत नसताना केवळ समोरच्या यंत्रांवर विमान चालवायचं, याची परवानगी म्हणजे हे रेटिंग. 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला. यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेले वीस जण घेतले आणि त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसही जणांचा विमानावरचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! त्याच लोकांना थोडं शिकवल्यावर ते जवळजवळ दरवेळी सुखरूप मागे वळू लागले, हा प्रयोगाचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. दोष असतो कानाचा. विमान एकाच वेगाने वळत राहिलं, तर पंधरा-वीस सेकंदांत आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि मेंदू सांगतो, ‘आपण सरळ चाललोय.’ अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनियर 16 जुलै 1999 च्या रात्री धुरकट हवेत विमानासह समुद्रात कोसळले ते याच भ्रमाने. त्यांनी यंत्रांवर उडण्याचं प्रशिक्षण सुरू केलं होतं, रेटिंग मात्र हातात नव्हतं.

आता हिशेब बघा. नियमाप्रमाणे यंत्रांवरचे चाळीस तास लागतात, त्यातले वीसपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. उरलेल्या तासांतही विद्यार्थी बहुधा हुड घालून उडतो. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तसला प्रकार. खालच्या फटीतून शेत दिसतं, कडेने ऊन येतं, आणि कान फसला तरी डोळा चोरून सावरून घेतो. मग मुलगा चाळीस तास पुरे करतो, पण खऱ्या ढगात एकदाही शिरलेला नसतो. म्हणून शाळेत पहिला प्रश्न हा विचारा: खऱ्या ढगात नेता का, आणि कोण नेतो? पावसाळ्यात आपल्याकडे ढगांना तोटा नाही. अर्थात क्युम्युलोनिंबसमध्ये, म्हणजे गडगडाटी वादळी ढगात, सेसनासारखं छोटं विमान घालणारा शिक्षक नकोच, तो शूर नव्हे, बेजबाबदार. पण शांत, सपाट थराच्या ढगात विद्यार्थ्याला शेजारी बसवून नेणारा आणि कुठला ढग टाळायचा हे जमिनीवरच समजावणारा शिक्षक असेल, तर ती शाळा निम्मी जिंकली.

दुसरी गोष्ट जरा बारकाईने सांगतो. जुन्या पद्धतीच्या सेसनात कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र हवेच्या दाबावर फिरतं. त्याचा व्हॅक्यूम पंप गेला, तर यंत्र धाडकन बंद पडत नाही. आतली भिंगरी मंदावते आणि क्षितिज हळूहळू एका अंगाला कलत जातं. वैमानिक इमानदारीने त्याच्या मागे विमान कलवत राहतो. चांगला शिक्षक मध्येच हात पुढे करून त्या डायलवर रबरी झाकण चिकटवतो आणि म्हणतो, ‘आता आण.’ विद्यार्थी मग वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर, वेग आणि उंची एवढ्यावर विमान आणतो. हा सराव कितीदा होतो, ते शाळेच्या मालकाला नको, तिथल्या मुलांना विचारा. विमानात जी-1000 सारखे चकचकीत पडदे असतील, तर पडदा काळा करून शिकवतात का, हे विचारा.

लहान धावपट्ट्यांवर बहुधा आयएलएस, म्हणजे ढगातून धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा, नसते. तेव्हा दोनशे फुटांवर धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं, हा धडा गिरवायला नागपूरसारख्या मोठ्या विमानतळावर जावं लागतं आणि तिथे प्रवासी विमानांचा मान आधी. वेळ कशी मिळवता, याला शाळेकडे ठोस उत्तर हवं. तसंच सरावाच्या दोन इंजिनांच्या विमानाचंही विचारा. बऱ्याच ठिकाणी ते एकच असतं. ते दुरुस्तीला गेलं की अख्खी बॅच महिनोन्‌महिने हातावर हात धरून बसते. विमानं किती, यापेक्षा आज सकाळी उडण्याजोगी किती, हे विचारा.

अमेरिकेला जायचं? जा, तिथे उड्डाणं लवकर होतात. पण ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात ढग शोधावा लागतो, आणि परत आल्यावर भारतीय परवान्यासाठी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर चुकत नाहीत. डीजीसीए 2025 पासून शाळांना श्रेणीही देऊ लागलं आहे. यादी जरूर बघा. पण कुठला शिक्षक तुमच्या मुलीच्या शेजारी बसणार, हे त्या यादीत नसतं.

लॉगबुकबद्दल एकच सांगतो. 2011 साली देशात खोट्या कागदपत्रांवर परवाने काढल्याची प्रकरणं उघडकीस आली, वैमानिकांना अटका झाल्या. न उडालेले तास लिहून देण्याची गोष्ट कुणी हसत हसत जरी काढली, तरी तिथून उठा.

आणि पालकहो, सगळी फी एकरकमी भरू नका. पैसे उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्या, परताव्याची अट लेखी घ्या. शाळा बघायला जाल, ते आगाऊ ठरवून जाऊ नका. आठवड्यातल्या एखाद्या साध्या सकाळी सातला जा, उड्डाणांच्या फळ्यासमोर दोन तास बसा, आणि लिहिलेल्यांपैकी किती विमानं खरोखर उडाली ते मोजा.