माळ पडीक नाही

(मूर्तिजापूर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत मी शिक्षणावर, नोकरीवर किंवा जमिनीच्या हक्कावर बोलेन, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असेल. मी गवतावर बोलणार आहे. गवताचा आणि आपल्या हक्काचा काय संबंध, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो भाषण संपेपर्यंत मनात राहू द्यावा.

मूर्तिजापुराहून कारंजाकडे किंवा बार्शीटाकळीच्या बाजूस गेले म्हणजे कपाशी-सोयाबीनच्या शेतांमधून अधूनमधून मोकळा माळ लागतो. त्यावर मोठी झाडे नाहीत, विहीर नाही, पीक नाही. पाहणारा म्हणतो, ही जमीन फुकट पडली आहे. परंतु मृग नक्षत्राचा पाऊस झाल्यावर त्याच माळावर घटकाभर बसून पाहावे. मारवेल, पवन्या, कुसळी अशी नाना जातींची गवते उगवतात. त्यांत नाकतोडे व किडे वाढतात, त्यांवर पक्षी जगतात. बिळांतून उंदीर व सरडे, त्यांच्या मागे साप आणि ससाणे येतात. काळवीट गवत खावयास व लांडगा काळविटाच्या मागावर येतो. एका ठिकाणी नांदणारी ही जीवांची विविधता, आणि त्यांचे एकमेकांवरील अवलंबन, यालाच जैवविविधता म्हणतात. काळविटांसाठी कारंजा-सोहोळ येथे अभयारण्य झाले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. बाकीच्या माळाला असा कोणी वाली नाही.

या माळाचा एक रहिवासी तणमोर होय. कोंबडीएवढाही नसलेला हा पक्षी गवतात दडून राहतो. पावसाळ्यात नर काळा-पांढरा होतो, त्याच्या डोक्यामागे बारीक तुरे फुटतात, आणि मादीला आपला ठाव कळावा म्हणून तो गवतावर उंच उडी घेतो. दिवसातून अशा शेकडो उड्या तो मारतो. गवत फार तोकडे झाले तर लपावयास जागा नाही; माळ नांगरला तर अंडी घालावयास जागा नाही. मग मादी सोयाबीनच्या शेतात जमिनीवर अंडी घालते, आणि तेथे फवारणी, डवरणी व मोकाट कुत्री यांच्या तावडीत सापडते. १९९९ मध्ये हे पक्षी देशात साडेतीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज होता. २०१७-१८ च्या पाहणीनंतर ते काही शेकड्यांवर आल्याचे दिसून आले, आणि आज जगातून नाहीशा होऊ घातलेल्या पक्ष्यांत त्यांची गणना होते.

हे का झाले? अनेक कारणे आहेत, परंतु मुळाशी एक शब्द आहे. तो शब्द ‘पडीक’. इंग्रजी अमलात जी जमीन सारा देत नाही ती पडीक ठरली. स्वराज्यातही सरकारी नकाशांत गवताळ रानाचा पुष्कळ भाग पडीक जमिनींतच मोडला गेला. एकदा पडीक म्हटले की तेथे काहीही करावयास मोकळीक मिळते. कोणी खाण खोदतो, कोणी कारखाना उभारतो, कोणी सौरऊर्जेच्या तावदानांची रांग लावतो. वनीकरणाच्या नावाने त्यावर खड्डे खणून झाडेही लावली जातात. झाड लावणे हे पुण्यकर्म वाटते. परंतु गवताळ रानात रान माजविणे म्हणजे तेथील मूळ रहिवाशांना घराबाहेर काढणे होय.

बंधूंनो, नाव देणाऱ्याने नाव दिले आणि त्या नावाने एखाद्याचे जगणे हिरावले गेले, हा अनुभव आपणांस नवा आहे काय? आपल्या पूर्वजांना अस्पृश्य हे नाव दुसऱ्यांनीच दिले. याच माळावर राहणाऱ्या फासेपारधी समाजाला तर कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार ठरविले. १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र अजून रद्द झालेला नाही. तणमोराची उडी कोठे होते, त्याचा आवाज कसा येतो, हे पारध्याइतके कोणास ठाऊक असणार? फास लावणाऱ्याला पक्ष्याची रीत पुरती माहीत असावी लागते. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने या समाजातील माणसांनी तीच विद्या उलटी वापरली. ज्यांच्या आजोबांनी फासे लावले त्या नातवंडांनी गवताळ रान राखले आणि तणमोराच्या नोंदी ठेवल्या. ज्यांना समाजाने गुन्हेगार म्हटले तेच आज या पक्ष्याचे राखणदार आहेत.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या अखेरीस भूमिहीनांनी सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंगवास पत्करला, तो पडीक जमीन कसावयास मिळावी म्हणूनच. गायरानावर पोट भरणाऱ्या माणसाने पक्ष्यासाठी उपाशी राहावे काय?

मी स्पष्ट सांगतो, राहू नये. जो भूमिहीन अनेक वर्षे गायरानाचा तुकडा कसतो आहे, त्याला पक्ष्याचे निमित्त करून उठविणे हा अन्याय आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे काढण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने रीतसर पट्ट्याने दिलेली जमीन अपवादात धरली. हे कागद ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी ते जपून ठेवावेत. परंतु उरलेला माळही आपलाच आहे, हे विसरू नये. सवर्णाच्या घरी म्हैस बांधावयास स्वतःची पडजमीन असते. भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या गायरानावरच जगतात. माळ गेला तर पहिला घाव तिच्या घरावर पडतो. महाडला १९२७ मध्ये आपण सामाईक पाण्यावर हक्क सांगितला. हक्क सांगितलेली वस्तू राखणे हाही हक्काचाच भाग आहे.

एक जीव गेल्याने काय बिघडते, असे ज्यांस वाटते त्यांनी गिधाडांकडे पाहावे. ओढलेल्या ढोरांचे काम बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण टाकून दिले, आणि ते योग्यच केले. रानात पडलेले ढोर मग गिधाडेच काही वेळात साफ करीत. पुढे जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध आले. ते पोटात असलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि १९९० नंतरच्या अवघ्या दीड दशकात काही जातींतील शंभरांपैकी नव्व्याण्णव गिधाडे नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर मढी कुजू लागली होती, पाणी दूषित होत होते, पिसाळणारी कुत्री वाढत होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा हिशोब मांडला आहे. ही माणसे कोणत्या वस्त्यांतील असतील, हे मी सांगावयास नको.

तर मग करावयाचे काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. पुढे २००४ च्या नियमांनी समितीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सभासद असावेत, असे सांगितले. जानेवारी २०२० ची मुदत गाठण्यासाठी पुष्कळ ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. म्हणून आपण ग्रामपंचायतीत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. आपल्या गावची समिती कोणती? तिच्यात आपल्या वस्तीतील कोण आहे? आणि नोंदवहीत आपला माळ, आपल्या शेळ्यांची चराई, आपल्या आयाबायांना ठाऊक असलेली औषधी वनस्पती लिहिली आहे काय? जे लिहिलेले नाही ते उद्या नव्हतेच असे ठरते. आपला इतिहास याला साक्षी आहे.

बाकी गोष्टी साध्या आहेत. माळाला आग लावू नये. गवत बी गळाल्यावर कापावे. चराईसाठी माळाचे भाग पाळीपाळीने मोकळे ठेवावेत. डवरताना शेतात अंडी दिसली तर तेवढा ठाव सोडावा; एका पक्ष्याने दाबलेल्या जागेने कोणाचे शेत बुडत नाही.

शेवटी एकच सांगतो. पावसाळ्यात जमीन जिवांनी भरून जाते; फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली कोवळे तृण व लहान जीव चिरडू नयेत, म्हणून भगवान बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण विहारात ग्रंथवाचन करतो. तेच महिने तणमोराचे माळावर उडण्याचे आहेत. यंदाच्या वर्षावासात एक दिवस मुलांना घेऊन माळावर जावे, त्यांना गवतांची नावे विचारावीत, आणि ती नावे कागदावर उतरवून घ्यावीत. गावच्या नोंदवहीचे ते पहिले पान ठरेल.

जयभीम.