मागचा गडी पुढे

अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अचलपूर या आपल्या भागात शाळेच्या मैदानावर फुटबॉल सुरू झाला, की जागांची वाटणी उंची आणि अंगकाठी पाहून होते. किडकिडीत, चपळ पोट्टे पुढे. आणि जो उंच, दांडगा, त्याला सांगायचं, ‘तू मांगं राय बे.’ आठवीत मागे उभा केलेला पोट्टा बारावीपर्यंत मागेच राहतो. त्याला गोल करता येतो का, हे कोणी तपासत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून आज एका बचावपटूची हकिगत सांगायची आहे.

साल १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धा. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं मूळचे शिक्षक. बचावाच्या मधोमध, स्टॉपरच्या जागी होते पंजाबचे जर्नेल सिंग. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि आपण ०-२ असा हरलो. पुढे थायलंडला ४-१ असं हरवलं, पण त्या सामन्यात जर्नेल यांचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानविरुद्धचा सामना त्यांच्याविना खेळून आपण २-० नं जिंकलो.

आता उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. स्टॉपरला उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्यानं परतवावा लागतो, आणि इथे तर डोक्याला पट्टी. दुसरा कोणी असता तर त्यानं जर्नेलना बाकावर बसवलं असतं. रहीम यांनी त्यांना सेंटर फॉरवर्ड केलं! मागची जागा अरुण घोष यांनी सांभाळली. आपण तो सामना ३-२ नं जिंकलो, त्यातला एक गोल जर्नेल यांचा.

४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. प्रेक्षक भारताच्या विरोधात पेटलेले. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताचे क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्याचा राग खेळाडूंवर निघत होता. त्या गोंगाटात पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात जर्नेल सिंग यांनी दुसरा. शेवटी कोरियानं एक फेडला, पण सामना २-१ असा आपला झाला. याच संघात मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेले फॉर्च्युनॅटो फ्रँको होते, मुंबईच्या कॅलटेक्स संघाचे चंद्रशेखर होते. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताला आजवर मिळालेलं नाही.

पण मागचा गडी पुढे जाऊन गोल करतो कसा? नुसत्या ताकदीवर नाही. बचावपटू वर्षानुवर्षं सगळा खेळ तोंडासमोर पाहत असतो. चेंडू एका कडेला गेला की स्टॉपरची नजर तिकडे वळते आणि तेवढा क्षण पाठीमागचा माणूस त्याला दिसत नाही. कोणत्या बाजूनं पळालं की आपली त्रेधा होते, हे त्यानं स्वतः सोसलेलं असतं. तोच गडी फॉरवर्डला गेला की समोरच्याला नेमका तिथेच गाठतो. अडचणही असते. गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, मागून धक्का खायचा आणि वळायचं, हे त्याला नव्यानं शिकावं लागतं. काहींना ते कधीच जमत नाही, हेही खरं.

ज्याला जमलं त्याचं नाव जॉन चार्ल्स. वेल्सचा हा धिप्पाड गडी इंग्लंडच्या लीड्स युनायटेडमध्ये बचावात खेळायचा. १९५२ साली त्याला पुढे आणलं, आणि १९५३-५४ च्या हंगामात त्यानं लीगमध्ये ४२ गोल केले. १९५७ मध्ये इटलीच्या युव्हेंटसनं त्याला घेतलं. पहिल्याच हंगामात २८ गोल करून तो तिथल्या लीगमध्ये अव्वल ठरला, संघालाही विजेतेपद मिळालं. आणि आघाडी मिळाली की ती राखायला संघ त्यालाच पुन्हा बचावात नेई. दोन्ही जागांवर जगात पहिल्या रांगेत बसावा असा दुसरा खेळाडू मला तरी दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्रातला राहुल भेके पाहा. मुंबईचा पोरगा, बचावपटू. त्याची जागा कोणी बदलली नाही. पण १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेतही गोलफलक कोरा. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, मागचा राहुल पुढे गेलेला होता, त्यानं हेडर मारला आणि बेंगळुरू विजेते झाले. २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून खेळताना इराकच्या संघाविरुद्धही विजयाचा गोल त्यानं डोक्यानंच केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना.

आपल्या तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सरावाच्या सामन्यात मध्यंतरानंतर मागचे पोट्टे पुढे पाठवा, पुढचे मागे आणा. याला ना खर्च लागतो, ना नवं साहित्य. दोन-चार सामने हरलात तरी चालेल. चौदा वर्षांच्या मुलाचं अंग अजून वाढतंय, पाय अजून शिकतायत. त्याची जागा इतक्यात कशाला पक्की करायची?

आणि जागा बदलली म्हणजे जुनी गेली, असंही नाही. जर्नेलना पुढे नेणारे रहीमसाहेब जकार्तानंतर वर्षभरही जगले नाहीत. जून १९६३ मध्ये कर्करोगानं गेले. जर्नेल सिंग मात्र मोहन बागानच्या बचावात पुन्हा स्टॉपर म्हणून उभे राहिले. १९६४ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे ते भारताचे कर्णधारही झाले.